तिसऱ्या भागातली उडी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकू नका, झोप लागेल. आणि झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगायची माझ्यावर वेळ आणू नका. आज एका दातांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगतो. कुणाचा दात दुखणार नाही, हमी माझी.

तर, डॉक्टरांनी कीबोर्डवरचे हात उचलले, रुमालाने कपाळ टिपलं आणि माइक जवळ ओढला.

"आता आमची स्वतःची एक रचना," ते म्हणाले.

एवढं पुरे झालं. सभागृहभर खुर्च्या सरकल्या. मघापर्यंत जिवाचा कान करून बसलेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत दाराकडे निघाली. बाहेर कँटीनवाल्याने कॉफीचे पेले आधीच ओळीने मांडून ठेवले होते. रचना सुरू झाली तेव्हा आत डॉक्टरांची बायको होती आणि मागच्या रांगेत एक गृहस्थ होते. गृहस्थ घोरत होते.

कार्यक्रम संपल्यावर कँटीनवाला स्वतःहून विंगेत आला.

"डॉक्टर, ते तुमचं स्वतःचं जे आहे ना, फार छान. जरा लांबवता आलं तर बघा. आज लोकांना दुसरा कप घ्यायला वेळ मिळाला नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि वायर गुंडाळत राहिले. गुंडाळलेली वायर त्यांनी सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

बँड तिघांचा होता. कीबोर्डवर डॉक्टर, गिटारवर आणि गाण्याला त्यांचा मेहुणा, आणि ड्रमवर गणिताच्या बाई, ज्यांना शाळेबाहेरही सगळे बाईच म्हणत. वाजवायचे ते एका जुन्या, केव्हाच फुटलेल्या बँडची गाणी, आणि तीसुद्धा हुबेहूब. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खातं, त्याला कादंबरीसारखे भाग असतात, आणि ताल सरळ चालेल तर शपथ. ऐकायला येणारी मंडळीही तशीच, डोळ्यांत तेल घालून चुका टिपणारी. पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर बसत. सूर जरा घसरला की त्यांचं एक बोट वर जाई. त्यांना सगळे पंच म्हणत.

सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात तालीम असे. बाईंचा ड्रम प्रतीक्षेच्या खोलीत, त्याच्या पोटात बाकावरची उशी कोंबलेली. मेहुणा पेशंटच्या खुर्चीत रेलून गिटार वाजवी. ती खुर्ची वरखाली होते याचं कौतुक त्याला अजून सरलं नव्हतं.

"पुढच्या कार्यक्रमात एकदाच," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही लोक उठले, तर माझी रचना काढून टाकायची. आणि मी लिहिणंही थांबवणार."

खुर्ची वर जाता जाता थांबली.

"दाजी, असं काय करता? लोक आपल्याला ऐकायला येतच नाहीत. आपण कुठे चुकतो ते बघायला येतात. तुमच्या रचनेत चूक काढता येत नाही, मग बिचारे करणार काय? कॉफी पितात."

"गंमत नाही करत मी."

बाईंनी काठ्या मांडीवर ठेवल्या. ही रचना डॉक्टर कित्येक वर्षं रचत होते. दात कोरताना गुणगुणायचे. तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला तक्रार करता येत नसे. त्या माणसाला दुसरं कुठलं व्यसन नव्हतं, रागही नव्हता. देवाने दिलेला एवढाच एक हट्ट होता.

दोन-चार दिवसांनी पंच दवाखान्यात आले. दाढ दुखत नव्हती. खुर्चीत बसले, आपणहून तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "डॉक्टर, वाईट बातमी आहे."

"कुणाची?"

"तिसऱ्या भागाची."

ज्या लांबलचक गाण्यावर यांचा अख्खा कार्यक्रम उभा होता, त्याच्या रेकॉर्डची मूळ ध्वनिफितीवरून नवी प्रत निघाली होती, पंचांनी ती मागवली होती. तिसऱ्या भागात सातच्या तालात गाणं दोन मात्रा गिळून एकदम पुढे झेप घेतं, ती जागा. जिथे सभागृहात एकूण एक मान एकाच वेळी हलते, ती.

"ती उडी नव्या प्रतीत नाही," पंच म्हणाले. "गाणं तिथून अगदी सरळ जातं. बाजारात निघाल्यासारखं."

"कसं शक्य आहे? तुमच्या कॅसेटवर आहे. सगळ्यांच्या कॅसेटवर आहे."

"आणि त्या कॅसेटी कुणी भरून दिल्या?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनीच दिल्या होत्या. तरुणपणी ती रेकॉर्ड शहरात फक्त त्यांच्याकडे होती, मावशीने दिलेली. सगळ्या शौकिनांनी तिच्यावरूनच कॅसेटी भरून नेल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ते रेकॉर्ड घेऊन मावशीकडे गेले. मावशी खिडकीशी बसून भाजी निवडत होती. रेकॉर्ड उजेडात धरली तेव्हा चकतीवर केसाएवढी रेघ दिसली.

"अगं बाई, दिसतेय होय अजून!" मावशी म्हणाली. "फळी पुसत होते रे. किल्ल्यांचा जुडगा निसटला नि चालू तबकडीवर पडला. तुझे काका दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग मीच म्हटलं, देऊन टाका पोराला, त्याला काय कळतंय."

डॉक्टर रेघेवरून नख फिरवत राहिले.

"काही बिघडलं का रे तुझं त्याच्यामुळे?"

"नाही गं. लोकांना तेवढीच जागा सगळ्यात आवडते."

"मग तोंड असं का? कुणाचा दात चुकीचा काढलास?"

तालमीत ही हकीकत ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला.

"मी फळ्यावर मांडून दाखवलंय हो वर्गात," त्या म्हणाल्या. "सात, सात, मग पाच. उरलेल्या दोन मात्रा ऐकणाऱ्याने मनात पुऱ्या करायच्या. प्रतिभा, म्हटलं मी. किल्ल्या निघाल्या!"

मेहुणा मात्र खुर्ची खाली घेऊन उठला. "म्हणजे तेवढी जागा आपली झाली की. आपण आपलं वाजवत होतो, आणि एकही माणूस उठला नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तालीम नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पंच पहिल्या रांगेत, बोट मांडीवर तयार. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्यातली ती जागा आली. डॉक्टरांनी उडी घेतली, सगळ्या माना हलल्या. त्यांनी ती पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा. डावा हात त्याच पाचावर घुटमळत राहिला आणि उजव्या हाताने, काहीही न सांगता, स्वतःची रचना सुरू केली.

मेहुण्याने चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंच्या काठ्या तोवर तिकडे वळल्याही होत्या.

कुणी उठलं नाही. उठावं कसं? अजून तिसरा भागच चालू होता. पण थोड्या वेळाने ओळखीचं काहीच येईना, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले. मधल्या रांगेतली एक महिला उठली, पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली आणि दाराला हात लावून तशीच उभी राहिली. डॉक्टरांना ती दिसत होती. पण त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटचा सूर विरेपर्यंत दार उघडलं नाही.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या, तेव्हा चांगल्या आल्या.

सामान आवरताना पंच रंगमंचाची पायरी चढून आले.

"तिसरा भाग लांबला आज."

"हो."

"नव्या प्रतीत हे नाही."

"नाही."

"माझ्या कॅसेटवरही नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वायर हातात घट्ट धरली होती.

पंचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मग मला याची एक प्रत द्या. पुढच्या खेपेला तुम्ही चुकलात, तर मला कळायचं कसं?"

डॉक्टर हसणार होते. पण त्यांना रुमालच शोधावा लागला.

एवढीच गोष्ट. आता उठा, पाय मोकळे करा. मावशी त्या कार्यक्रमाला नव्हती. घरी फळ्या पुसत असेल. तुमचं आवडतं गाणं कधी एखाद्या जागी अडखळलं, तर चिडण्याआधी तेवढी तिची आठवण काढा.