डिसेंबरातले पावणेपाच

या, जवळ सरका. तिकडे दारात नका बसू. एका प्रवचनाची गोष्ट सांगते तुम्हाला. प्रवचनं मी जन्मभर ऐकली, सुरात चढणारी, बाकं हलवणारी, म्हाताऱ्यांना चपला सोडून नाचायला लावणारी. त्यातलं सगळ्यात सुंदर कुठलं असं विचाराल, तर ते मी स्टेशनच्या खोलीत एकटीने ऐकलं, आणि ज्या बाईसाठी ते होतं तिला ते वेळेवर मिळालं नाही.

अलाबामातल्या आमच्या गावचं रेडिओ स्टेशन टॉलिव्हरांच्या घरचं. एझेल टॉलिव्हरांनी बापाची जमीन विकून मनोरा उभा केला, कारण तेव्हा आम्हा काळ्या माणसांच्या मयतीची बातमी दुसरा कुठलाच रेडिओ देत नव्हता. ते गेले आणि त्यांची थोरली लेक व्हर्लीन खुर्चीत बसली. सकाळी भजनं, दुपारी कुणाची गाय हरवली, कुणाच्या चर्चचं छप्पर गळतंय, आणि रोज नऊ वाजता मयतीच्या बातम्या. त्या मी वाचायची.

आमचा परवाना मात्र दिवसाचा. अंधार पडला की रेडिओच्या लहरी लांब पळतात आणि मोठ्या शहरांच्या स्टेशनांत घुसतात, म्हणून सूर्य मावळला की आमच्यासारख्यांनी गप्प बसायचं. दर महिन्याची वेळ कागदावर ठरलेली. डिसेंबरची पावणेपाच. एझेलदादांनी ती दोनदा मोडली. एकदा वादळाचा इशारा द्यायला, एकदा जागृतीसभेत देवाचा आत्मा उतरला म्हणून. दोन्ही वेळा सरकारी पत्र आलं, आणि दुसऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं, पुन्हा झालं तर परवाना गेला. व्हर्लीनने ते पत्र चौकटीत बसवून स्टेशन बंद करायच्या बटणाच्या वर टांगलं होतं.

त्या डिसेंबरात थर्मन गेन्स गेला. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. त्याची आई इडेला, आम्ही सगळे तिला मदर गेन्स म्हणतो, एक्याण्णव वर्षांची, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. घर गावापासून अकरा मैल, ओढ्यापलीकडे. गुरुवारी व्हर्लीन आणि मी रताळ्याचं गोडधोड घेऊन भेटायला गेलो.

"जेवलात का, मदर?" व्हर्लीनने विचारलं.

"जेवले. सगळे येऊन तेच विचारतात. आणि रड म्हणतात. मी रडत नाहीये म्हणून ही कोरीन घाबरलीय." कोरीन म्हणजे तिची भाची, तीच तिचं सगळं करायची. "अगं, रडणं मी राखून ठेवलंय. शनिवारी आपले पेटवे पाळक माझ्या लेकराला गात गात पलीकडे पोचवतील. तो चालायला लागला की मी रडेन. आधी नाही. मला चर्चला कुणी नेत नाही, तर तू ऐकव मला ते."

"ऐकवीन, मदर. शब्द देते."

शनिवारी मयतीची दुपारी एकची वेळ. डेट्रॉइटच्या नातेवाइकांची गाडी पोचेपर्यंत दोन वाजायला आले. चर्चमधला फोन स्टेशनला जोडलेला, तिथलं सगळं इथून हवेत जात होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'दोन शब्द : प्रत्येकी दोन मिनिटे, कृपया.' ही ओळ आमच्यात प्रत्येक मयतीच्या पत्रिकेवर असते, आणि कुणी पाळल्याचं मला आठवत नाही. चर्चचे कारभारी डीकन स्प्रोल एकोणीस मिनिटं बोलले, त्यातली बारा मासेमारीवर. मग शाळेच्या बाई. मग बस-डेपोचे तिघे, तेही एकेक करून. स्टेशनतर्फे मी उठले. माझी लेक नॅडीन लहानपणी एका पायात बूट आणि दुसरा हातात घेऊन पळत सुटायची, आणि थर्मन बस थांबवून शांत बसून राहायचा, तेवढंच सांगितलं. सांगून लगेच दोन गल्ल्या ओलांडून स्टेशनवर आले.

व्हर्लीनने घड्याळावर बोट ठेवलं. "नऊ मिनिटं, आर्झेला."

"छे! मी तर फक्त—"

"नऊ."

साडेतीनला तिने चर्चशेजारी पाळकांच्या घरी फोन लावला आणि त्यांच्या बायकोला चिठ्ठी घेऊन पळवलं. पेटवे पाळकांचा आवाज हवेत आला, "मंडळी, रेडिओवाल्या बहिणीचा निरोप आहे. सूर्य काही आपल्यासाठी थांबायचा नाही. आता दोन मिनिटं म्हणजे दोनच."

"आमेन!" अख्खं चर्च म्हणालं.

आणि डीकन स्प्रोलांचा भाऊ उठला. "मी फार वेळ घेणार नाही..."

व्हर्लीनने कपाळ टेबलाला टेकवलं.

सव्वाचारला पाळक उभे राहिले. पाणी प्याले. चष्मा पुसला. वचन वाचलं, पुन्हा वाचलं. व्हर्लीन स्पीकरला हात जोडून म्हणाली, "पाळकबुवा, आज दोन पायऱ्या गाळा हो." पण तसलं प्रवचन घाईने होत नाही. आधी माणूस नुसता बोलतो, मग बोलण्याला हेलकावा येतो, मग ऑर्गन हळूच खालून हात देतो, आणि कुठल्या शब्दाला गाणं सुरू झालं ते कुणालाच कळत नाही. चार चाळीसला हेलकावा आला. त्रेचाळीसला ऑर्गन.

व्हर्लीनचा हात बटणावर होता. वेळ संपताना स्टेशनचं नाव घेऊन निरोपाचं वाक्य बोलायचं असतं. माइक समोर उघडा होता.

"दहा मिनिटं जाऊ दे गं," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"बाबांनाही असंच वाटलं होतं. उद्या परवाना गेला, तर सोमवारी ज्याची आई मरेल त्याने कुणाकडे जायचं?"

तेवढ्यात पाळकांनी पहिल्यांदा सुरात हाक मारली, "थर्मन..." आणि बाया ओरडल्या. व्हर्लीनने तोंड उघडलं. त्या हाकेवर आपला आवाज टाकणं तिला जमेना. एक अक्षर न बोलता तिने बटण खाली ओढलं.

खोलीत आमच्यापुरतं प्रवचन चालूच होतं. तेव्हा मला सुचलं. "दुसरा फोन! मदरला लाव, आपण रिसीव्हर स्पीकरला धरू!"

नंबर लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला. बिझी. नंतर कळलं, सांत्वनाचे फोन मध्ये येऊ नयेत म्हणून कोरीनने दुपारीच रिसीव्हर काढून ठेवला होता. एक मिनिट आधी सुचलं असतं, तर हवेतूनच सांगितलं असतं की फोन जागेवर ठेवा. त्या घरात पोचणारा एकच आवाज होता, आणि तो आम्ही नुकताच बंद केला होता.

व्हर्लीन किल्ल्या घेऊन पळाली. मी नंबर फिरवत राहिले, आणि पाळक गात राहिले. ज्याने प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एका बुटातल्या लेकरासाठी वाट पाहिली, त्याची वाट देवबाप पाहणार नाही का? दार उघडं धरून बसला नसेल का तो? असं काहीतरी होतं. शब्द मला नीट येत नाहीत. एवढं आठवतं की माझे हात आपोआप वर गेले, आणि एका हातात तो टूं-टूं करणारा फोन होता.

व्हर्लीन पोचली तेव्हा रेडिओ नुसता खरखरत होता. कोरीन बटणाकडे हात नेत होती आणि मदर तिला दटावत होती, "हात लावू नकोस. पाळक श्वास घेतायत."

व्हर्लीन पलंगाच्या कडेला बसली. "मदर, मी बंद केलं. वेळ झाली होती."

म्हातारीने विचारलं, "मग तो गेला?"

"गेला."

स्टेशनवर सगळं टेप होत होतं, ती टेप रविवारी सकाळी आम्ही रेडिओवर लावली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. गावातली माणसं रस्त्यात गाड्या थांबवून ऐकत होती. आम्ही दोघी मदरच्या खोलीत होतो. तिने सगळं ऐकलं, डोळे कोरडे.

"चांगलं गायले," ती म्हणाली. "पण हे कालचं आहे, बाई. तो चालला होता तेव्हा मी खरखर ऐकत बसले होते."

व्हर्लीनने तिचा हात धरला. मला एखादं वचन आठवावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. इतकी वचनं पाठ आहेत मला, एकही येईना.

मदर गेन्स वसंतापर्यंत जगली. रडली नाही, असं कोरीन शपथेवर सांगते. तिच्या मयतीची बातमी मीच वाचली.

तुमच्याकडे मागणं एवढंच. आज प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा इडेला गेन्स हे नाव घ्या, आणि थोडा वेळ तिची आठवण ठेवा.