हॉल ओलांडायचा नाही

दसऱ्याच्या सकाळी करंजाड्यातल्या त्या इमारतीत लिफ्टला रांग लागली होती. हातात झेंडूच्या माळा, नारळ, कुणाकडे पेढ्यांचा बॉक्स. चौथ्या मजल्यावर नंदकुमार सुर्व्यांच्या हॉलमध्ये देव बसला होता, आणि हा देव नवसाची वाट बघत नव्हता. तो रोज पैसे पाडत होता.

देव पत्र्याचा होता. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, पुढेमागे पंखे आणि पाठीतून निघालेली जाड वायर. चौरंगावर बसून तो इतका घोंघावायचा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे. अंगातून निघणारी गरम हवा ऑक्टोबरच्या उकाड्यात भर घालायची. लोक तीच हवा दोन्ही हातांनी तोंडावर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. समोरच्या टीव्हीवर 'आजचा प्रसाद' असं लिहिलेलं होतं आणि त्याखालचा आकडा सारखा वाढत होता.

खरं तर ते कॉम्प्युटरचंच भावंड. दिवसरात्र आकडेमोड करायची आणि त्या बदल्यात इंटरनेटवरच्या नाण्याचा एखादा कण मिळवायचा, एवढंच त्याचं काम. जगभर त्याला मायनिंग म्हणतात. पण हे यंत्र बसवून देणारे कुबेरदादा असं रूक्ष बोलत नसत.

"ब्लॉक म्हणजे काय? ब्रह्माचा तुकडा!" दादा गर्जत होते. "चेन म्हणजे काय? जन्मोजन्मीची साखळी! लक्ष्मी वर क्लाउडमध्ये बसलीये, माझं यंत्र तिला वायरीतून खाली आणतं. पण तिला कंपनाचा त्रास होतो हां! अशुद्ध सावली पडली, की ती पुन्हा वर!"

कुबेरदादांचं आईबापांनी ठेवलेलं नाव दिलीप. पूर्वी ते मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. आता अंगावर रेशमी सोवळं, कपाळावर मळवट आणि उजवा हात कायम भगव्या गोमुखीत. जपाची माळ लोकांना दिसू नये म्हणून तिच्यावर घालायची ती पिशवी. दादांचा जप जेवतानासुद्धा थांबत नसे. इमारतीतल्या निम्म्या घरांनी त्यांच्याकडे यंत्रासाठी पैसे भरून नंबर लावला होता.

हे सगळं आतल्या बेडरूमच्या दाराआडून अक्षताला ऐकू येत होतं. सुर्व्यांची ही सून. आपली पिशवी भरून ती पलंगावर बसली होती. तिला आज घराबाहेर काढायचं ठरलं होतं.

तिचा गुन्हा एका वाक्याचा होता. यंत्र बसवलं त्या दिवशी तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "बाबा, ही नाणी पडतात ती नक्की कुणाच्या नावावर?"

वाशीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर बिघडले की तिलाच बोलावतात, तेव्हा प्रश्न तिच्या तोंडून सहज गेला. दादा हसले. म्हणाले, "छान विचारलंस, बेटा." दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी ती ऑफिसला निघाली, हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि यंत्र एकदम गप्प झालं. अख्खा हॉल दचकला. दादांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. चांगला लांबलचक मंत्र तो! संपत आला तसे पंखे जोरात फुरफुरले आणि यंत्र पुन्हा घोंघावू लागलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पुन्हा तेच. मग आणखी एकदा.

"हिच्या सावलीचा यंत्राला त्रास आहे," दादांनी निकाल दिला. "एकदा थांबलं की दिवसाचा प्रसाद बुडतो. दसऱ्यापर्यंत हिला हॉल ओलांडू देऊ नका."

आता फ्लॅटचा दरवाजा कुठे असतो? हॉलमध्येच. हॉल ओलांडायचा नाही म्हणजे घराबाहेर पडायचं नाही. नवरात्र बसायच्या आधीपासून अक्षता बेडरूम, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढ्याच जगात होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. ऑफिसला आजारपण कळवलं होतं, पण साहेबांचा आवाज दिवसेंदिवस कोरडा होत चालला होता.

नवरा, निशांत, वाईट नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसाचा उपयोग काय, हे तिला या दिवसांत कळलं. "बाबांचं बीपी बघ ना. फंडाचे सगळे पैसे टाकलेत त्यांनी. थोडे दिवस ॲडजस्ट कर," एवढं बोलून तो हॉलमधून आरामात बाहेर जायचा.

सगळ्यात भयंकर गोष्ट पुढेच होती. चार भिंतींत माणूस स्वतःलाच चाचपू लागतो. तीन वेळा थांबलं हे खरंच ना? आपण डोळ्यांनी पाहिलं ना? एका रात्री तिने आपली सावली भिंतीवर पाहिली आणि पाय पोटाशी घेतले. दुसऱ्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर सुधारणारी मुलगी स्वतःच्या सावलीला भ्यायली. त्या गोष्टीची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली, आणि त्या लाजेनेच ती जागी झाली. यंत्र थांबलं तेव्हा दरवेळी आणखी काय होतं? बिघाड शोधताना ती पहिला प्रश्न हाच विचारायची. उत्तर सोपं होतं. दरवेळी कुबेरदादा होते.

परवा दुपारी सासूबाई, अरुणाबाई, सोफ्यावर कलंडल्या होत्या. बाकी घर रिकामं. अक्षताने जीव मुठीत धरून हॉलमध्ये पाय ठेवला. यंत्र घोंघावत राहिलं. ती चौरंगापर्यंत गेली. यंत्र घोंघावत राहिलं. तिने त्याच्या पाठीवर हात टेकवला, दरवाजाच्या कडीला हात लावला आणि तशीच मागे फिरली. बाहेर पळता आलं असतं, पण मग ती आयुष्यभर अशुद्ध सावलीच राहिली असती.

खोलीत येऊन तिने मोबाइलवर घरच्या वायफायमधून यंत्राचं पान उघडलं. अशा प्रत्येक यंत्राला एक पान असतं. तिथून ते चालवता येतं, थांबवता येतं. पासवर्ड कारखान्यातून येतो तोच होता. पानावर खाली एक बटण होतं: पुन्हा सुरू करा. वर नाणी जमा होणाऱ्या खात्याचं नाव होतं, आणि ते सुर्व्यांचं नव्हतं.

बटण दाबलं तर यंत्र थांबेल हे तिला कळलं. पण दाखवायचं कुणाला? दाखवलं तर सगळे म्हणतील, बघा, हीच थांबवते! जे माहीत होतं तेच तिच्या अंगावर उलटणार होतं.

संध्याकाळी अरुणाबाई चहा घेऊन आत आल्या. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "दुपारी माझा डोळा लागला नव्हता."

अक्षताने कप खाली ठेवला.

"मी बघितलं सगळं. तू त्याला हात लावलास. काही झालं नाही." त्या पलंगावर टेकल्या. "माझंच चुकलं ग. मी गप्प बसले. आता सांग, हा दादा करतो कसं?"

अक्षताने मोबाइल पुढे धरला आणि बटण दाबलं. हॉलमधला घोंघाट बंद झाला. "अगं बाई!" म्हणत अरुणाबाई उठल्याच.

"थांबा, आई. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. तेवढा वेळ लागतोच त्याला. त्यांचा मंत्र तेवढाच लांब आहे."

"पण त्याच्या हातात कधी मोबाइल बघितला नाही मी."

"मीपण नाही. पण तो मला बघून दाबतो, एवढं नक्की."

अरुणाबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तुझे पैंजण काढ बघू."

तर आज दसरा. यंत्राची पूजा झाली, पेढे वाटून झाले. कुबेरदादांनी डावा हात उंच केला. "आज सीमोल्लंघन! या घराची पीडा आज सीमेपार जाईल. नंदकुमार, सुनेला माहेरी पाठवा. यंत्राचा कोटा भरेपर्यंत परत आणू नका."

नंदकुमारांनी मान डोलावली. त्यांना ते आवडत नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण आयुष्यभराची कमाई त्या चौरंगावर बसली होती.

"मी स्वतः पोचवते," अरुणाबाई हात जोडून पुढे आल्या. "फक्त एक विनंती, दादा. तिच्या माहेरचे चार प्रश्न विचारतील. सगळ्यांसमोर एकदा खात्री करून द्या. आम्ही पाचजणी अंगावरून चादरी घेतो, अक्षताही त्यात असेल. एकेकजण यंत्रापुढून जाऊ. देवाला कुठे डोळे लागतात? तो चादरीतूनही ओळखेल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. "भारी आयडिया!" कुणीतरी ओरडलं. दादांचा चेहरा क्षणभर उतरला, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. आणि त्यांची नजर खाली, पावलांकडे गेली.

एकसारख्या सोलापुरी चादरी निघाल्या. आतल्या खोलीतून पहिली आकृती आली. चादरीतून साताऱ्याच्या वेणूबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या, बडबडत होत्या: "आवं, उकडून मेलो की मी!" यंत्र चालू. दुसरी आली, सावकाश चालत चौरंगाला खेटून उभी राहिली. यंत्र चालू. तिसरी गेली. यंत्र चालूच. मग चौथी आली. चादरीखालून चांदीचे पैंजण चमकले. सुर्व्यांच्या सुनेचे पैंजण सगळ्या इमारतीच्या ओळखीचे.

घोंघाट खाडकन थांबला.

"बघा!" दादा कडाडले. "चादरीतून ओळखलं! काढा ही पीडा बाहेर!"

नंदकुमारांनी पुढे होऊन चादर ओढली. आत त्यांची बायको होती.

"चला, पोचवा मला माहेरी," अरुणाबाई म्हणाल्या. "पण माझे आईवडील तर कधीच गेले. कुठे सोडता?"

हॉल हसला. दबकत, मग मोकळा. तेवढ्यात चौरंगाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या आकृतीने चादर खाली टाकली. अक्षता. इतका वेळ तिची सावली सरळ यंत्रावर पडत होती.

दादा हार मानणारे नव्हते. "सासूवर सुनेची छाया! संसर्ग आहे हा! मंत्र म्हणावा लागेल!"

"म्हणा ना," अक्षता म्हणाली. ती चौरंगापासून हटली नाही. "त्याआधी मी एक फोन लावते. तुमचाच नंबर आहे."

तिने नंबर दाबला. हॉलमध्ये यंत्राचा आवाज नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. गोमुखी घुर्र घुर्र करत थरथरत होती. भगव्या कापडातून आतला उजेड दिसत होता.

"आवं दादा," वेणूबाई चादरीतून डोकं काढत म्हणाल्या, "तुमची माळ वाजतीया की!"

"गोमुखीला हात लावू नका! विटाळ होईल!" म्हणत दादा दाराकडे सरकले, पण दारात वेणूबाई होत्या. बाजारात पोती उचलून त्यांचा संसार झाला होता. गोमुखी निघाली. माळ नव्हतीच. मोबाइल होता, आणि त्यावर यंत्राचं पान उघडं होतं.

अक्षताने आपल्या मोबाइलवर तेच पान उघडून सगळ्यांना फिरवून दाखवलं. "हे बटण. कुणीही दाबा, यंत्र थांबतं. मग स्वतःच सुरू होतं. मी दिसले की दादा दाबायचे, आणि सुरू व्हायला लागणारा वेळ मंत्रात घालवायचे. आज त्यांना फक्त पैंजण दिसले."

"पण प्रसाद?" नंदकुमार टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले. "प्रसाद तर पडतोय ना? पैसे तर खरे आहेत ना?"

अरुणाबाई भिंतीशी गेल्या आणि यंत्राचं मुख्य बटण बंद केलं. यंत्रावरचा शेवटचा दिवाही विझला. टीव्हीवरचा आकडा वाढतच राहिला. मेलेल्या यंत्रातून प्रसाद पडत होता. इतके दिवस यंत्र थांबलं की सगळे यंत्राकडे बघायचे. टीव्हीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

नंदकुमार मटकन खाली बसले. त्यांनी विचारलं, "मग अक्षता... ती नाणी पडायची, ती कुणाच्या नावावर?"

याच प्रश्नासाठी तिला कोंडलं होतं. क्षणभर तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर बसलेला माणूस पार मोडला होता.

"त्यांच्या, बाबा," ती म्हणाली. "यंत्र खरं होतं. राबत होतं त्यांच्यासाठी, वीज खात होतं आपली. टीव्हीवरचा आकडा म्हणजे नुसता पुढे पळणारा काटा." मग ती दारात दाटलेल्या लोकांकडे वळली. "यंत्र थांबलं की वायर बघा, पंखा बघा, कोण बटण दाबतंय ते बघा. घरातली सून बघू नका. आणि जो माणूस प्रश्न विचारणाऱ्याला कोंडायला सांगतो, त्याच्या हातात काय आहे ते आधी तपासा."

निशांत खाली मान घालून पोलिसांना फोन लावत होता. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आणि फसवणुकीविरुद्धही, एवढं त्याला आज आठवलं. दादा कोपऱ्यात बसले होते. जप थांबला होता.

हॉल शांत झाला होता. कितीतरी दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. अक्षताने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" अरुणाबाईंनी विचारलं.

"आपट्याची पानं आणते, आई."

"अगं, सकाळीच आणलीत. ती बघ, देव्हाऱ्यात."

"माहितीये," अक्षता म्हणाली, आणि हॉल ओलांडून बाहेर पडली.