वाघदेवावरचे पत्रे

उद्या सकाळी आठला टेम्पो येणार होता. रूपी आणि तिचा नवरा दिपक वसईकडच्या वीटभट्टीवर जाणार, ते पाऊस तोंडावर आल्यावरच परतणार. कणगीत नवं भात भरलेलं असताना आपली पोरगी रेशनचा भात खाऊन वाटेला लागणार, या गोष्टीनं हिरीचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

सायवनच्या या पाड्यावर वाघदेवाला दिल्याशिवाय नवं कुणी खात नाही. पहिल्या लोंब्या त्याला टेकवायच्या, शिजलेला पहिला घास त्याच्यापुढं ठेवायचा, मग माणसांनी जेवायचं. आणि वाघदेव होता कुलपात.

आधी तो शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली उघडाच उभा असायचा. कमरेएवढा दगड. पावसात त्याच्यावर शेवाळ चढायचं, थंडीत तो दवानं ओला असायचा, फाल्गुनात ऐनाची पानं डोक्यावर घेऊन बसायचा, वैशाखात त्याच्या खांद्यावरून मुंग्यांची रांग जायची. लाकडं आणायला जाता-येता हिरी त्याच्याकडं बघायची. दर वेळी हात जोडायची असंही नाही. "आहेस ना," एवढंच म्हणायची आणि पुढं जायची. तो असायचा.

मग चैत्रात सरपंचाचा भाऊ धर्मेश कागद घेऊन आला. "काकी, देव पावसात भिजतो. बरं दिसतं का ते?" हिरीला देवाची दया आली. कधी नव्हे ती आली आणि तिनं अंगठा उठवला. जो पाऊस अंगावर घेतो म्हणून देव आहे, त्याच्या डोक्यावर छप्पर घालायला आपण हो म्हणालो. त्या अंगठ्यासाठी ती आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला तयार होती.

भिंती झाल्या, पांढरी फरशी झाली, वर पत्रे, पुढं लोखंडी जाळीचं दार आणि त्याला मुठीएवढं कुलूप. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. साहेबांची तारीख गणपतीत हुकली, दसऱ्याला हुकली, दिवाळीलाही हुकली. भाताची हुकली नाही. ते आपल्या वेळेला पिकलं.

दुपारी हिरी धर्मेशच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. तो खुर्चीत मोबाईल बघत होता.

"चावी दे."

"काकी, बस तरी. पाणी पी."

"पाणी माझ्या घरी आहे. चावी दे."

"चावी डहाणूला, साहेबांच्या माणसाकडं. आत नवी फरशी आहे ना. कुणीही चिखलाचे पाय घेऊन जाईल."

"चिखलाच्या पायांनीच भात लावतात. तुझ्या ताटात येतो तो पण."

धर्मेश हसला. "जाळीतून ठेव लोंब्या. देव काय, सगळीकडं असतो."

"सगळीकडं असतो, तर कुलूप कुणाला लावलंस?"

त्याचं हसू गेलं. "आठ दिवस कळ काढ. एवढी काय घाई?"

"टेम्पोवाल्याला सांग ना तू कळ काढायला. माझी पोरगी जाते उद्या, तुझी नाही."

तिथून ती थेट भिकू भगताकडं गेली. पाड्याची सगळी पूजा त्याच्या हातची. "जाळीतून चालत नाही, हिरे," तो म्हणाला. "लोंबी दगडाला टेकली पाहिजे."

"मग चल आणि हेच त्याला सांग."

भिकू जमिनीकडं बघत राहिला. "उद्घाटनाच्या दिवशी मला फेटा बांधणार आहेत. खुर्ची पण ठेवणार आहेत, साहेबांच्या बाजूला."

"बांध. डोळ्यांवरून बांध," हिरी म्हणाली आणि निघाली.

घरी जाताना ती जाळीपाशी थांबली. आत वाघदेव लाल ऑइलपेंटमध्ये चकाकत होता. वरून दोन पांढरे डोळे चिकटवलेले. त्याच्यावर ना दव, ना पान, ना मुंगी. कार्तिक आहे की चैत्र, त्याच्याकडं बघून काही कळेना.

"तू पण गप्प," ती म्हणाली. "पत्रा मिळाला आणि झोपलास. या पोरीनं कमरेतून मोडून लावणी केली, भर पावसात. तेव्हा बघत होतास ना? की तेव्हाही फरशीच मोजत होतास?"

तिला शोधत आलेली रूपी मागं उभी होती. "आये, राहू दे. मी भट्टीवर खाईन मिळेल ते."

"तू लावलंस, तू कापलंस. आणि तूच उपाशी जाणार?"

रूपीनं ऐनाकडं बघितलं. एक फांदी थेट छपरावर गेली होती. "कुलूप दाराला आहे, आये," ती म्हणाली. "पत्र्यांना नाही."

सकाळी उजाडताच दोघी निघाल्या. हिरीच्या हातात आढ्याला टांगून ठेवलेल्या पहिल्या लोंब्या आणि नव्या भाताची पातेली. रूपीच्या कमरेला पान्हा. तो दिपकनं मोटारसायकलच्या पेटीतून काढून दिला होता आणि म्हणाला होता, "माझं नाव घेऊ नका." तो टेम्पोची वाट बघत रस्त्यावर थांबला.

रूपी ऐनावर चढली, फांदीवरून छपरावर उतरली आणि एकेक नट सोडवू लागली. दोन पत्रे सरकले तसं ऊन आत पडलं, थेट दगडावर. वरून ऐनाची दोन पानं आणि फांदीवरचं दव खाली गळलं. रूपी भिंतीवरून आत उतरली.

"आये," ती आतून म्हणाली, "रंग सुटलाय याचा. खाली, फरशीजवळ."

"म्हणजे?"

"शेवाळ आलंय. आतून. पेंट ढकलून वर आलंय."

हिरीनं जाळीला कपाळ टेकवून बघितलं. दगडाच्या पायथ्याशी लाल पापुद्रा फुगून फुटला होता आणि खाली चार बोटं हिरवं होतं. पावसाळाभर त्याला छपराखाली कोंडलं होतं आणि त्यानं जमिनीखालून पाऊस ओढून घेतला होता.

"हट्टी मेला," ती म्हणाली. "काल सांगता येत नव्हतं?"

तिनं लोंब्या जाळीतून रूपीच्या हातात दिल्या, मागोमाग मूठमूठ भात दिला. रूपीनं लोंब्या त्या हिरव्यावर टेकवल्या, पहिला घास पानावर ठेवला, मग तिथंच फरशीवर मांडी घालून बसली आणि जेवली. हिरी जाळीबाहेर बसून जेवली. भात गरम होता.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि त्याच वेळी धर्मेशची मोटारसायकल येऊन थांबली. त्यानं आधी कुलूप बघितलं. ते शाबूत होतं. मग वर बघितलं.

"हे काय केलंस, काकी? मी पोलिसात देणार."

रूपी भिंत चढून बाहेर उतरली, हात लुगड्याला पुसले आणि त्याच्या समोरून टेम्पोकडं चालू लागली. हिरी तिच्या पाठीकडं बघत राहिली, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

"दे पोलिसात," मग हिरी धर्मेशला म्हणाली. "पत्रे परत लावलेस तर मी परत काढीन, हे पण लिही. अंगठा आहेच तुझ्याकडं."