सगळ्यांनीच मागणी घातली तर

कुलूपवाल्याला बाजारात 'सगळ्यांनीच' म्हणत, आणि त्यात दोष त्याचाच होता. काहीही करायचं झालं की हा गृहस्थ थबकायचा: सगळ्यांनीच असं केलं तर? दारात कुणी भेटलं तर 'आधी तुम्ही' म्हणायचा नाही, कारण सगळ्यांनीच तसं म्हटलं तर आत जाणार कोण? इतका सरळमार्गी माणूस, पण सरळ रस्त्यावरही ठेचकाळणारा.

शेजारच्या बेकरीवाल्या बाईंवर त्याचा जीव जडला होता. दोघंही एकटेच. बाई रोज त्याच्यासाठी कडेचा खरपूस पाव बाजूला ठेवायच्या. पण मागणी घालायची म्हटली की आलाच प्रश्न: सगळ्यांनीच बाईंना मागणी घातली तर? दुकानासमोर रांग लागेल, पाव करपतील, बाई वैतागतील. म्हणजे ते चूकच. अशी वर्षं गेली.

मग एके सकाळी कळलं, बाई बेकरी बंद करून भावाकडे निघाल्यात. उद्याच.

त्याच्या थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला. "अरे, सगळ्यांनीच कुलपं दुरुस्त करायला घेतली तर उपाशी मरतील लोक! तरी तू करतोसच ना? मग हिच्यापुढेच तुझी दातखीळ का बसते?"

दिवसभर कानशीने किल्ल्या घासता घासता त्याने बाईंना कुणी विचारावं याचा नियमच घासायला घेतला. 'कोणीही' विचारावं? छे! 'एकट्या कुलूपवाल्याने'? त्यात पलीकडच्या गल्लीतला टकला कुलूपवालाही बसत होता. त्याला आधी बाहेर काढलं. संध्याकाळी नियम एकदाचा बसला, तसा हा बेकरीत शिरला.

बाई बरण्या पुसून खोक्यात भरत होत्या.

"एक नियम सांगतो," तो म्हणाला. "जो कुलूपवाला एकटा आहे, ज्याच्या डोक्यावर केस आहेत, ज्याचं दुकान तुमच्या शेजारी आहे आणि जो थोरल्या बहिणीची बोलणी खातो, अशा प्रत्येकाने तुम्हाला लग्नाचं विचारावं. कुणाचंच नुकसान नाही. तपासलंय मी."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. "अशाने कुणालाही काहीही करता येईल की हो! चोरसुद्धा म्हणेल, माझ्यासारखं नाक असलेल्या प्रत्येकाने चोरी करावी."

कुलूपवाल्याचं तोंड उतरलं. आयुष्यभर जपलेलं तत्त्व बाईंनी उभ्या उभ्या निकालात काढलं होतं, आणि त्यांचं खरं होतं.

"बरं, तुमच्या नियमात बसतात तरी किती जण?"

"एकच."

"मग नियम गेला खड्ड्यात. त्या एकाला काय म्हणायचंय?"

"जाऊ नका. तुमच्याशिवाय मला करमणार नाही."

"वाईट तर सगळ्यांनाच वाटेल," बाई त्याच्याकडे रोखून बघत म्हणाल्या.

"सगळ्यांचं मला माहीत नाही," तो म्हणाला.

बाईंनी खोकं पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"एवढं बोलायला इतकी वर्षं? आता ह्या बरण्या तुम्हीच काढा बाहेर."