परीक्षेला बसलेली घोडी

मित्रांनो, घोडा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे आयाळ उडवत दौडणारा कुणी तरी येत असेल. तो मी नव्हे. मी एक जुनी घोडी आहे, आणि आयुष्यभर चालत आले आहे, तेही सावकाश. माझी पाठ रुंद आणि चाल संथ, म्हणून सगळे मला 'गादी' म्हणतात. नाव ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

सात वर्षांची होईपर्यंत मी एका बागेत हौशी लोकांना फेऱ्या मारून आणत असे. मग एक उपचार केंद्र चालवणाऱ्या बाईंनी मला तिथे आणलं. या केंद्रात घोड्यावर बसणं हा उपचार असतो. आम्ही चालतो तेव्हा आमची पाठ हलते, आणि वर बसलेल्याच्या कमरेला तोल सांभाळण्याचा धडा मिळतो. ज्यांचे पाय किंवा पाठ त्यांचं ऐकत नाही, अशी माणसं आमच्याकडे येतात. बाईंनी मला सहा महिने तयार केलं. माझ्या कानाशी छत्र्या उघडल्या, पोटाखालून चेंडू घरंगळवले, चाकाची खुर्ची शेपटीपर्यंत आणून भिडवली. मी एकदाच दचकले, तेही केंद्रात व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओच्या शिंकेला.

तिथेच मला घड्याळवाले काका भेटले. चाळीस वर्षं त्यांनी बारीक चाकं, स्प्रिंगा जोडल्या होत्या. पक्षाघातानं त्यांचं डावं अंग लुळं पडलं. पहिल्याच दिवशी ते खोगिरावरून डावीकडे कलले. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी माझा डावा मागचा पाय अर्धं पाऊल बाहेर टाकला आणि पाठ त्यांच्याखाली नेली. काका पडले नाहीत. "गादीवर बसलं की भीतीच वाटत नाही," ते म्हणाले. मी हुरळून गेले. तेव्हापासून जो कुणी कलला त्याच्याखाली मी सरकत राहिले. अकरा वर्षं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षात येऊ नये, यातच मला मोठेपणा वाटायचा.

आता बाईंची गोष्ट सांगते. त्या काळी ज्याला घोड्यावर नीट बसता येई, तो दुसऱ्या दिवसापासून शिक्षक होई. बाईंना हे खुपायचं. "औषध देणाऱ्याला परीक्षा असते, दाढ काढणाऱ्याला असते. मग कमजोर माणसाला घोड्यावर चढवणाऱ्याला का नको?" असं त्या जो भेटेल त्याला विचारायच्या. त्यांना अशी परीक्षा उभी करायची होती, जिच्या प्रमाणपत्राला मोठ्या मंडळाची मान्यता असेल. त्यांची कचेरी म्हणजे चाऱ्याच्या खोलीतलं एक टेबल, माझ्या ठाणापासून एका फळीच्या अंतरावर. त्यामुळे या कामात गेलेली सहा वर्षं मी सगळं ऐकलं. शिक्षकाला काय काय आलं पाहिजे याची बासष्ट कलमं तिथे लिहिली गेली. घोडं पेंड खायचं ते एकोणिसाव्या कलमाशी. (तुमच्या भाषेत काहीही अडलं की दोष आमच्यावर येतो, ते असो.) फिजिओनं लिहिलं होतं, 'स्वाराला आधार द्यावा.' बाई म्हणायच्या, "द्यावा नाही, तयार ठेवावा. सारखा धरून ठेवलास तर त्याची कंबर शिकणार कधी?" या एका शब्दावर त्यांनी तीन बैठका घालवल्या. मी चारा चघळत ऐकत होते. हे आपल्यालाही लागू आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

शेवटी पहिली परीक्षा ठरली. अकरा उमेदवार, स्वार घड्याळवाले काका, आणि घोडी अर्थातच मी. "गादी आहे म्हटल्यावर काळजी नाही," असं सगळेच म्हणाले. घोडामैदान खरोखरच जवळ होतं, ठाणापासून वीस पावलांवर.

पहिला आला तो शिडी. हा उंच, हसरा शिक्षक, लोक त्याला शिडीच म्हणत. कलमं त्याला तोंडपाठ होती, पण त्याची नजर कायम माझ्या डोक्याकडे आणि हातातल्या कागदाकडे. मागे काका डावीकडे कलले, ते त्यानं पाहिलंच नाही. मी सरकले. पुढच्यानंही पाहिलं नाही, मी सरकले. परीक्षक समोर खुर्च्यांवर बसले होते. तिथून त्यांना काकांचा शांत चेहरा दिसत होता, माझा मागचा पाय दिसत नव्हता. अकराच्या अकरा जण पास झाले. मंडळानं मान्यता देऊ केली. बाईंनी माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि त्या रडल्या. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मला खोकला झाला म्हणून काकांना पिवळ्या घोड्यावर बसवलं. शिकवायला शिडी होता. काका डावीकडे कलले. पिवळा साधा सरळ घोडा, तो सरळ चालत राहिला. माझ्या ठाणातून मला वाळूवर काही तरी आपटल्याचा आवाज आला आणि मग शिडीचा आवाज, "काका! अहो काका!"

काकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. शिडी पांढराफटक पडला होता. "बाई, मी सगळं परीक्षेत केलं तसंच केलं हो," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बाईंनी त्याला एक शब्दही सुनावला नाही. फिजिओनं परीक्षेचं चित्रण मागच्या बाजूनं केलं होतं, ते बाईंनी फळीपलीकडच्या टेबलावर लावलं आणि तीनदा पाहिलं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझ्या डाव्या मागच्या पायावरून हात फिरवला. तिथला सांधा सुजून कठीण झाला होता.

"ते कुणी पास झालेच नाहीत," बाई फिजिओला म्हणाल्या. "परीक्षा हिनं दिली. अकरा वेळा."

त्याच दुपारी त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. 'सगळे निकाल रद्द करावेत, चूक माझी आहे, आम्ही पुन्हा परीक्षा घेऊ.' सहा वर्षांची मेहनत त्यांनी एका पानात मागे घेतली. आणि कलमांच्या यादीत एक भर पडली. 'परीक्षेचा घोडा उमेदवाराची चूक झाकणारा नसावा.' त्रेसष्टावं कलम. मित्रांनो, ते त्रेसष्टावं कलम म्हणजे मी.

मला मागच्या कुरणात सोडण्यात आलं. पायाला विश्रांती हवी, असं कारण सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं. कुरणात गवत आहे, सावली आहे, पाण्याचं टाकं आहे. दुसरे तीन घोडेही आहेत, पण त्यांचं आपसात जमतं आणि मला त्यांच्यात कसं मिसळायचं ते कळत नाही. सगळी वर्षं मी माणसांत काढली. मोतद्दार सकाळी खरारा करून जातो, तेवढाच हाताचा स्पर्श. बाई पायाला औषध लावायला येत, पण खाली मान घालून येत आणि खाली मान घालून जात. त्यांना माझा राग आला होता की स्वतःचा, ते मला कळलं नाही. रिंगणातून आवाज येत राहत. हसणं, हाका, खुरांचे ठोके. मी कुंपणाच्या त्या कोपऱ्यात उभी राहायची जिथून रिंगण दिसतं. पाठीवर कुणी नसलं की पाठ हलकी वाटायला हवी. माझी उलट जड होत गेली. मी कुणाचं वाईट केलं नव्हतं, तरी एका माणसाचं हाड माझ्यामुळे मोडलं होतं. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे पचवायला मला पूर्ण हिवाळा लागला.

पुन्हा परीक्षा झाली ती वर्षभरानं. या वेळी घोडा पिवळा. स्वार दुसरा घेऊ, असं बाईंनी खूप समजावलं, पण घड्याळवाले काका हट्टाला पेटले. "पडलो तो मी. मग बसणारही मीच."

मी कोपऱ्यात उभी होते. शिडी रिंगणात आला. हातात कागद नव्हता. तो काकांच्या कमरेच्या रेषेत चालत होता, हात त्यांच्यापासून वीतभर लांब ठेवून. दुसऱ्या वळणावर काका कलू लागले. रिकाम्या कुरणात, रिकाम्या पाठीनं, माझा डावा पाय आपोआप बाहेर पडला आणि कळ डोक्यात गेली.

"काका, डावीकडे जाताय," शिडी शांतपणे म्हणाला. "मी आहे इथं. तुम्हीच या मधे."

शिडीचा हात वर आला, पण त्यानं काकांना धरलं नाही. काका थरथरले, त्यांनी दात आवळले, आणि ते स्वतःच्या कमरेनं मधे आले. अकरा वर्षांत मी त्यांना हे एकदाही करू दिलं नव्हतं. आनंद झाला का म्हणाल, तर झाला. आणि आपली गरज उरली नाही हेही त्याच क्षणी समजलं, त्याचं दुःखही झालं.

अकरापैकी पाच जण पास झाले, त्यात शिडी होता. बाईंना सगळ्यांनी गराडा घातला. त्या गर्दीतून काका काठी टेकत कुरणाकडे आले. एवढं अंतर चालायला त्यांना बराच वेळ लागला. धापा टाकत ते कुंपणाशी थांबले आणि माझ्या सुजलेल्या पायाकडे पाहत राहिले.

"गादे," ते म्हणाले, "मी जड होत होतो का गं तुला?"

मित्रांनो, त्रेसष्ट कलमांत हा प्रश्न नाही. माझ्या पाठीवरून शेकडो माणसं उतरली, त्यांनी मला थोपटलं, शाबास म्हटलं, गूळ दिला. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तुमच्याही घरात, शाळेत कुणी तरी असेल, जो तुम्ही कललात की गुपचूप खाली सरकतो. त्याचं कौतुक नंतर करा. आधी एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हाला उत्तर द्यायची सवय नसते.

काका थांबले. मी पुढे झाले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्याचा भार त्यांच्या चांगल्या खांद्यावर ठेवला.