स्वेटरसकट वजन

मी काटा बोलतोय. तान्ह्या मुलांची वजनं करणारा, वर पांढरं पारडं असलेला लोखंडी काटा. आता भंगारात निघालोय, तेव्हा मला कुणाची भीडभाड उरलेली नाही.

कारखान्यात माझी तपासणी एका चष्मेवाल्या बाईनं केली. पाच किलोचं वजन तिनं चारदा ठेवलं नि चारदा मी पाचच दाखवलं. "सरळ आहे हा," ती म्हणाली. आयुष्यात माझं एवढंच काय ते कौतुक झालं.

मग मला एका संस्थेनं घेतलं. गरीब वस्तीतल्या अशक्त मुलांसाठी त्यांचा प्रकल्प होता. पत्र्याची एक खोली आणि भिंतीवर अध्यक्षबाईंचा भलामोठा फोटो. बाई वर्षातून दोनदा यायच्या, नाकाला रुमाल लावून. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

खरं काम करायची ती नर्सताई. मुलांचे कपडे काढायची, पारडं गार लागू नये म्हणून त्यावर फडकं अंथरायची, फडक्यासकट काटा शून्यावर आणायची, मगच मूल ठेवायची.

इस्त्रीवालीची चिमणी तिथं यायची. दीड वर्षाची पोर, वजन सहा किलो आठशे. माझ्यावर ठेवली तरी रडायची नाही, तेवढं त्राणच नव्हतं. नर्सताई तिच्या आईला म्हणाली, "महिनाभर इथला खुराक देऊन बघू. वजन वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. मी चिठ्ठी देईन, चिठ्ठीशिवाय तिथं खाट देत नाहीत."

महिना भरला त्याच दिवशी देणगीदार पाहुणे आले. अध्यक्षबाईंनी आधी बारा मुलांना जाड स्वेटर आणि रबरी बूट वाटले. फोटो झाले. मग म्हणाल्या, "आता पाहुण्यांसमोर वजनं होऊन जाऊ देत."

"बाई, कपडे काढून करावी लागतात," नर्सताई म्हणाली.

"उघडी मुलं फोटोत बरी दिसतात का? असू दे तसंच."

मुद्दाम केलं म्हणावं, तर तेवढी अक्कलही बाईंना नव्हती. एकेक मूल सहाशे-सातशे ग्रॅमनं वाढलेलं निघालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळसं स्वेटरला आलं होतं आणि शहाणी माणसं कौतुक करत होती पोरांचं. शी! चिमणीची पाळी शेवटी आली. सात किलो चारशे. 'सुधारलेली मुलं' या यादीत तिचं नाव चढलं. म्हणजे चिठ्ठी गेली आणि खाटही गेली.

इस्त्रीवाली पुढं आली. "बाई, मी दिवसभर कपडेच उचलते. हा स्वेटर नि हे बूट मिळून पाऊण किलोच्या खाली नाहीत."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं पोरीला उघडं करून माझ्यावर ठेवलं. सहा किलो सहाशे पन्नास. महिन्यापूर्वीपेक्षाही दीडशे ग्रॅम कमी.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "काटा बिघडलाय."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! नर्सताई शांतपणे म्हणाली, "मग बाकीच्यांचीही परत करू." "आता पुरे," बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेल्या. त्यांची पाठ वळली तशी नर्सताईनं चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला. चहा संपायच्या आत इस्त्रीवाली पोरीला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली होती.

माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून मला कोपऱ्यात टाकलं. दोन महिन्यांनी इस्त्रीवाली आली, मला ओढून काढलं आणि पोरीला ठेवलं. आठ किलो शंभर! पारडं गार लागलं म्हणून चिमणी अशी काही भोकाड पसरून रडली, की मला धन्य वाटलं.

"बाकीच्या पोरांचं काय झालं हो?" इस्त्रीवालीनं विचारलं.

नर्सताई कपाटातलं सामान खोक्यात भरत होती. "सगळी सुधारली म्हणून प्रकल्प बंद झालाय. अहवालात फोटोही आलाय, तुमच्या चिमणीचा, स्वेटरातला. मी घरोघर जाऊन सांगितलं, पण यादीत नाव आलंय म्हटल्यावर आया खूश आहेत."

उद्या भंगारवाला मला नेईल. नेऊ दे, मला त्याचं दुःख नाही. पण अकरा पोरं अजून त्याच वस्तीत आहेत. कुणीतरी त्यांचे स्वेटर काढून त्यांना पुन्हा एकदा तोला हो.