धुण्याच्या दगडावरचे नाव

मित्रांनो, मी एक जुना संगमरवरी दगड आहे आणि कित्येक पिढ्यांची धुणी मी पाठीवर झेलली आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अथेन्सजवळच्या एका पाथरवटाने माझ्यावर आमच्या गावाचे नाव कोरले आणि मला शिवेवर उभे केले. पुढे ते गाव उठले. नवी वस्ती आली, तिचे नावही नवे, क्रेकेझी. कोणीतरी मला झऱ्याकाठी आडवे टाकले. कोरीव अक्षरांवर मळ चटकन निघे, म्हणून बायका माझ्यावरून भांडत. खरे सांगतो, मला ते आवडायचे.

त्यांत झाफिरो आजीच्या हाताला तोड नव्हती. चाळीस वर्षे तिने माझ्यावर चादरी घासल्या. लिहिता-वाचता मात्र तिला येत नव्हते.

एके वर्षी सरकारने गावांना जुनी नावे परत द्यायचे ठरवले. शाळेचे लेओन मास्तर धावत झऱ्यावर आले आणि टोपी काढून माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले.

“मास्तर, बायकोपुढे कधी टोपी काढलीत का?” आजीने विचारले.

मास्तरांना हसू येईना. माझे पहिले अक्षर पार झिजले होते. उरले होते नुसते ‘इराई’.

“थिराई असेल तर नाव आपलं,” ते म्हणाले. “किराई असेल तर दगडही डोंगरापलीकडच्यांचा आणि नावही. ते तर ‘किराई’ची पाटी रंगवून बसलेत.”

मला नाव ठाऊक होते, पण दगडाला तोंड कुठे असते? माझा जीव तुटत होता.

“तिथं गोल होता,” आजी म्हणाली. “पोटात ठिपका. सून म्हणून आले तेव्हा नख अडकायचं माझं त्यात.” साबणाच्या बोटाने तिने माझ्यावर गोल काढला आणि मध्ये ठिपका दिला.

“आजी, हा तर आपल्या जुन्या ग्रीक लिपीतला थ.”

“असेल बाबा. मी त्याला धुण्याचा खड्डा म्हणायची.”

मास्तरांनी माझ्यावर कागद धरून कोळसा घासला. पुसट का होईना, ठिपका उमटला. गाव थिराई झाले. मला शाळेत नेले, तेव्हा आजीने एवढेच विचारले, “मग आमच्या धुण्याचं काय?” मास्तरांनी दुसरा दगड स्वतः ओढत आणून दिला.

आज मी काचेआड आहे. शेजारच्या पाटीवर शोध लावणारे म्हणून मास्तरांचे नाव आहे, आजीचे नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही विचारत जा. माझे अक्षर झाफिरोनेच झिजवले, हे खरे. सांभाळलेही तिनेच.